तिचं सगळं मांडणीवर आहे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, धंदा तंतुवाद्यांची दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या खोलीत, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र करून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. दाखला देताना त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला, आणि तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर अजून मागच्याच महिन्यावर आहे हेही सांगितलं. वकीलबाईंनी मसुद्यात ‘स्वखुशीने’ असा शब्द घातला होता, तो मी काढायला लावला. मी खूश नाही. ‘स्वेच्छेने’ चालेल. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतकं कोणी मला काही विचारलेलंच नाही, म्हणून तर हे लिहायची वेळ आली.

“मृत्युपत्रात कारणं द्यायची नसतात,” वकीलबाई म्हणाल्या.

“कारणं द्यायची नसती तर मी तुमच्याकडे आलेच नसते,” मी म्हणाले.

तेव्हापासून त्या मी सांगते तसं टंकतात आणि मधूनमधून चष्मा पुसतात.

कलम १. माणसं आणि शब्द

या मृत्युपत्रात ‘धाकटा’ म्हणजे माझा सख्खा भाऊ. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे बदललेले, तरी घरात धाकटाच. बाहेर त्याला गिटारवादक म्हणून लोक मान देतात. ‘भावजय’ म्हणजे त्याची बायको. ‘भाची’ म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती शाळेत गणित शिकवते आणि आमच्या घराण्यात हिशेबाला पक्की तेवढी तीच निघाली.

‘आल्बम’ म्हणजे आमच्या तरुणपणी निघालेला, नुसत्या गिटारचा, बारा तुकड्यांचा आल्बम. त्यातल्या सात रचना नव्या. उरलेल्या पाच जुन्या अभिजात रचना आहेत. मुळात त्या पियानोसाठी नाहीतर व्हायोलिनसाठी लिहिलेल्या, आम्ही त्या गिटारवर बसवल्या. दुसऱ्याची रचना अशी आपल्या वाद्यावर बसवणं, याला छापील भाषेत ‘मांडणी’ म्हणतात. आमच्या घरात मांडणी म्हणजे आणखी एक वस्तू होती: स्वयंपाकघरातली भांडी ठेवायची लाकडी मांडणी. वाचणाऱ्याने या दोन मांडण्यांची गल्लत करू नये. ती एकदा झालेली आहे.

कलम २. घर

घर माझं नाही, त्यामुळे ते मी कोणाला देत नाही. वडिलांनी त्यांच्या मृत्युपत्रात दुकान आणि वरची खोली मुलाच्या नावे केली आणि ‘मुलीस हयातभर राहण्याची मुभा’ ठेवली. दुकान मी चालवलं. छपराला पत्रे मी घातले, जिन्याचा कठडा मी बसवला, खालच्या फळ्या तीनदा मी बदलल्या. धाकट्याने या वास्तूत एकही खिळा ठोकलेला नाही, कारण वादकाने बोटं जपायची असतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, फक्त आमचा नागोबा गिटार छान वाजवतो.

वडिलांवर माझा राग आहे तो घरापायी नाही. आम्ही दोघंही त्यांच्याकडेच गिटार शिकलो. संगीत विद्यालयात पाठवायची वेळ आली तेव्हा ते जेवताना, मान वर न करता म्हणाले, “दोघं गेली तर दुकान कोण बघणार?” त्यांनी प्रश्न विचारला होता असं मला तेव्हा वाटलं होतं. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तोवर ते हात धुवायला उठलेसुद्धा.

मला मिळालेली मुभा मी याद्वारे साभार परत करते.

कलम ३. बँकेतली शिल्लक

जी असेल ती भाचीला. तिने ती मोजावी, ते तिला आवडतं.

कलम ४. हत्यारं

पटाशा, रंधे, तारा ओढायच्या पकडी आणि पॉलिशचे सगळे डबे पलीकडच्या गल्लीतल्या सुताराला द्यावेत. चिकटवलेल्या फळ्या आवळून धरायचे शिकंजेही त्यालाच. ते आपलेच आहेत अशी त्याची बऱ्याच वर्षांची समजूत आहे, ती मी खरी करून टाकते. मोठा शिकंजा गेल्या हिवाळ्यापासून त्याच्याकडेच आहे, तो परत मागायला कोणी जाऊ नये.

कलम ५. आल्बम

आल्बममधल्या सातही रचना मी केलेल्या आहेत.

हे वाक्य मी वकीलबाईंना वेगळ्या ओळीत टंकायला लावलं आहे. आता सविस्तर.

वाद्याची तडकलेली फळी चिकटवली की ती शिकंज्यात आवळून ठेवावी लागते. गोंद वाळेपर्यंत तिला हात लावायचा नाही आणि दुकान सोडूनही जायचं नाही, कारण शिकंजा सैल पडला तर मुसळ केरात. गोंद वाळायची ती वाट बघण्यात माझं तारुण्य गेलं असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. त्या वेळात मी कोपऱ्यातली गिटार घेऊन बसायचे. शेजारच्या शिकंज्याला धक्का लागू नये म्हणून हळू वाजवायचे. सातही रचना हळुवार आहेत, याबद्दल पुढे जाणकारांनी बरंच काही लिहिलं. ‘अंतर्मुख’ हा शब्द त्यांना फार आवडला. खरं कारण गोंद.

संध्याकाळी धाकटा विद्यालयातून आला की मी त्याला नवीन काय झालं ते वाजवून दाखवायचे. तो दोनदा ऐकायचा आणि तिसऱ्यांदा माझ्यापेक्षा चांगलं वाजवायचा. हात त्याचाच चांगला. हे मी मृत्युपत्रात काय, कुठेही लिहून देईन. मग मी ते स्वरलेखन करून कागदावर उतरवायचे. दुकानात ओल होती, म्हणून ते कागद वर नेऊन स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मोठ्या पातेल्याखाली ठेवायचे. जुन्या पाच रचना आम्ही दोघांनी मिळून बसवल्या, त्यांचे कागदही तिथेच. “ताईचं काय ते मांडणीवर,” हे आमच्या घरात दिवसातून एकदा तरी कोणीतरी म्हणायचंच.

ध्वनिमुद्रण सुट्टीत एका शाळेच्या सभागृहात झालं. धाकटा वाजवत होता आणि मी शेजारी बसून पानं उलटत होते. पाचव्या तुकड्यात, मधल्या शांत जागेत, एक बारीक करकर ऐकू येते. ती माझ्या खुर्चीची. ध्वनिमुद्रक चिडला, पण धाकटा म्हणाला, इतकं चांगलं पुन्हा वाजायचं नाही, राहू दे. तेव्हा आल्बमवर माझा म्हणून जो एकच आवाज आहे तो खुर्चीचा आहे.

मुखपृष्ठाचा मजकूर मी लिहून दिला होता: सात रचना ताईच्या, पाच मांडण्या दोघांच्या, वादन धाकट्याचं. अर्थात तिथे नावं होती. इथे नकोत, नावांनी व्हायचं तेवढं झालं आहे. छापणाऱ्याच्या टेबलावर त्या कागदावर चहा सांडला आणि नेमकं माझं काय काय आहे तेवढंच पुसलं गेलं. त्याने दुकानात फोन केला. मी एका शाळेला गिटारी पोचवायला गेले होते, धाकटा तालमीला होता. फोन आईने उचलला.

“ताईंचं काय काय आहे हो?” छापणाऱ्याने विचारलं.

आईला वाटलं, हा कागद मागतोय. “तिचं सगळं मांडणीवर आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे फक्त मांडणी?”

“हो बाबा. दुसरीकडे कुठे काही ठेवतच नाही ती.”

“आणि बाकीचं?”

“बाकी सगळं धाकट्याचंच. त्याचंच असतं घरभर.”

हे संभाषण मला शब्दशः माहीत आहे, कारण त्या संध्याकाळी आईनेच ते अभिमानाने सांगितलं. फोनवर बोलायला ती बिचकायची. आज आपण सगळं नीट सांगितलं याचा तिला आनंद झाला होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. छापून आलं तेव्हा कळलं. ‘रचना व वादन’ यापुढे धाकट्याचं नाव आणि खाली बारीक अक्षरात ‘मांडणी’ यापुढे माझं.

लोक म्हणतात, ‘ध’ चा ‘मा’ झाला. आमच्याकडे एक अक्षरही बदललं नाही. आई जे बोलली ते खरं होतं आणि छापणाऱ्याने जे ऐकलं तेच छापलं. त्या दोघांवर माझा काडीचाही राग नाही.

खोकं उघडलं तेव्हा आम्ही तिघं दुकानात होतो. आईने एक प्रत उचलली, हाताने पुसली आणि म्हणाली, “दोघांचीही नावं आली गं!” धाकट्याने वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते. आई वर गेल्यावर तो म्हणाला, “ताई, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून घेऊ. आत्ता काही बोलू नकोस. आपल्यामुळे झालं हे आईला कळलं तर ती हाय खाईल.”

मी गप्प बसले, कारण आईबद्दल तो म्हणाला ते खरं होतं. अळीमिळी गुपचिळी. आई पुढे बरीच वर्षं होती आणि येईल त्या गिऱ्हाईकाला ते मुखपृष्ठ दाखवायची. ती गेल्यावर मी त्याला आठवण केली. तो म्हणाला, “आता आईच राहिली नाही, आता कशाला?” आई होती तेव्हा आई आहे म्हणून, आई गेली तेव्हा आई नाही म्हणून. दोन्ही वेळा तो कळवळून बोलला. ढोंग करणारा असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढे मुलाखती झाल्या. एकदा रेडिओवर त्याला विचारलं, तिसरी रचना कशी सुचली? तो म्हणाला, रेल्वेच्या फलाटावर उभा असताना, एका म्हाताऱ्या बाईचा हात सुटताना बघून. दुकानात सेलोची मान चिकटवत मी ते ऐकत होते. तिसरी रचना सुचली तेव्हा तो तापाने फणफणला होता आणि मी एका तुटक्या मेंडोलिनशेजारी बसले होते. त्याच मुलाखतीच्या शेवटी तो म्हणाला, “ताईची फार मदत झाली.” मदत! पाणी आणून देतात, जिना चढताना हात देतात, त्याला मदत म्हणतात.

आता एक कंपनी आल्बमची नवी आवृत्ती काढणार आहे. म्हणजे ती ‘पुढची आवृत्ती’ अखेर आली, वरातीमागून घोडं का होईना. कंपनीचा मुलगा भाचीशी बोलला आणि ‘रचनाकाराची संमती’ मागू लागला. भाची वर माझ्याकडे आली. तिने कोणालाही आजवर न सुचलेला प्रश्न विचारला.

“आत्या, जुन्या पाचांची मांडणी कळली. पण नव्या सातांची मांडणी म्हणजे तू नक्की केलंस काय? नवीन रचना मांडतात कशी?”

मी तिला सांगितलं. तिने बोटांवर सात मोजले. मग म्हणाली, “मी बाबांना विचारू?”

“नको,” मी म्हणाले. “मी विचारते.”

हे मृत्युपत्र म्हणजे तो प्रश्न आहे.

सातही रचनांचे सर्व हक्क मी भाचीला देते. अट एकच. नव्या आवृत्तीवर माझा मूळ मजकूर जसाच्या तसा छापावा, आणि छापण्यापूर्वी फोनवर काहीही विचारू अगर सांगू नये.

कलम ६. भावजय

माझ्या स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी भावजयीला द्यावी. रिकामी करून द्यावी, तिला ती तशीच आवडते.

हे समजण्यासाठी सांगते. आई गेल्यावर घर आवरताना भावजयीने जुनी लाकडी मांडणी भंगारवाल्याला दिली. वरच्या फळीवरचे कागदही तिच्याबरोबर गेले. “पिवळे पडले होते, मला वाटलं रद्दी,” ती म्हणाली. मी दोन दिवस भंगाराची दुकानं पालथी घातली. मांडणी सापडली, तिच्यावर एक माणूस सायकलचे टायर रचत होता. कागद गेले ते गेले. म्हणून कलम पाचमधल्या एका अक्षराचाही लेखी पुरावा आज माझ्यापाशी नाही. ते स्वतः पाहिलेली दोनच माणसं जगात उरली आहेत, मी आणि धाकटा. त्यातलं एक मृत्युपत्र करायला बसलं आहे.

भावजयीने ते मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. ती सगळीच कामं तशी करते.

कलम ७. कोपऱ्यातली गिटार

ती माझी नाही. एक गिऱ्हाईक तिचा तारांखालचा पूल चिकटवायला देऊन गेलं ते आजतागायत परत आलेलं नाही. सातही रचना तिच्यावरच झाल्या. मूळ मालक किंवा त्याचे वारस आले तर दुरुस्तीची मजुरी घेऊन ती त्यांना द्यावी आणि उशिराबद्दल दोन शब्द सुनवावेत. तोवर ती भाचीने वाजवावी. ती वाईट वाजवते, पण मोजून वाजवते.

कलम ८. रचनांची नावं

धाकट्याने माझ्या रचनांची बारशी परस्पर उरकली. ‘शिकंजा’ होता त्याची ‘अबोल सांज’ झाली. ‘सैल खुंटी’ची ‘दूरच्या वाटा’. ‘गिऱ्हाईक’ या रचनेत मधे एक घासाघीस करणारी जागा आहे, ती ऐकून कोणालाही हसू यावं. तिला त्याने ‘प्रतीक्षा’ नाव दिलं आणि लोक डोळे मिटून ऐकू लागले. सातवीला मी नाव दिलं नव्हतं, ती सातवीच होती. तिला मात्र त्यानेही नाव दिलं नाही, मुखपृष्ठावर नुसतं ‘सातवी’ असं आहे. का ते मला कळलं नाही. नव्या आवृत्तीत मूळ नावं घालावीत.

कलम ९. समीक्षक

आल्बम निघाला तेव्हा एका समीक्षकाने लिहिलं होतं: ‘रचना थोर, मांडणी मात्र सामान्य.’ धाकट्याने ते कात्रण आईसाठी चौकटीत घालून दुकानात लावलं. ते अजून आहे. समीक्षकासाठी काहीतरी ठेवायचं माझ्या फार मनात होतं, पण तो माझ्याआधीच गेला. चौकट चांगल्या लाकडाची आहे, ती सुताराला द्यावी.

कलम १०. माझ्यामागे

माझ्यासाठी सभा भरवू नये. भरवलीच तर धाकट्याने तिथे वाजवू नये. वाजवलंच तर दुसरी रचना वाजवू नये. ती तो हल्ली फार वेगात घेतो.

कलम ११. धाकटा

धाकट्याला मी काहीही देत नाही.

ही विसरभोळेपणाने झालेली चूक नसून मी केलेली व्यवस्था आहे. वकीलबाईंनी मला समजावलं की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्याच मृत्युपत्राने काही देता येत नाही. ज्याला काही मिळणार त्याने सही करू नये. जो सही करतो त्याला काही मिळत नाही. हा नियम ऐकला आणि मला पहिल्यांदाच कायद्याबद्दल आदर वाटला. धाकट्याने या मृत्युपत्राचा पहिला साक्षीदार व्हावं.

“साक्षीदार फक्त तुमची सही पाहिल्याची साक्ष देतो,” वकीलबाई म्हणाल्या. “आत काय लिहिलंय त्याच्याशी त्याचा संबंध नसतो.”

“मग संबंध लावा,” मी म्हणाले.

म्हणून असं लिहिते: पहिल्या साक्षीदाराने कलम पाच पूर्ण वाचून अगर ऐकून मगच सही करावी, आणि त्याची सही ही त्या कलमातल्या मजकुराची कबुली समजावी. असं कलम नसतं असं वकीलबाईंचं मत आहे. ते त्यांच्या आग्रहावरून इथे नोंदवलं आहे.

मी त्याला सगळ्यांसमोर खोटं पाडू शकले असते. पुरावा नसता, पण आरडाओरडा करता आला असता. मला ते नको होतं. मला त्याच्याच हातून हवं आहे. त्याच हाताने त्याने माझं सगळं वाजवलं.

कलम १२.

(हे कलम टंकलेलं नाही. सगळे समोर बसले असताना मी हाताने लिहीत आहे. वकीलबाई आधी नको म्हणाल्या, मग त्यांनीच पेन दिलं.)

आज सकाळी धाकटा वर आला. जिन्यात दोनदा थांबला. दुसऱ्या साक्षीदार, म्हणजे समोरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई, आधीच येऊन बसल्या होत्या. धाकट्याने कागद हातात घेतले आणि थेट शेवटचं पान काढलं.

“कुठे करू सही?”

“आधी पाच वाच.”

“तू लिहिलंयस ना, मग झालं की.”

“नाही झालं. वाच.”

त्याने चष्मा आणला नव्हता, म्हणून वकीलबाईंनी मोठ्याने वाचलं. खुर्चीच्या ठिकाणी तो हसला. आईच्या फोनच्या ठिकाणी त्याने गुडघ्यांवर हात ठेवले आणि ते तिथेच राहिले. मदतीच्या ठिकाणी मी त्याच्याकडे बघणार होते, पण बघवलं नाही. वाचून झालं तेव्हा मालकीणबाई पर्सच्या चेनशी चाळा करत होत्या. मला वाटलं, आता म्हणेल, इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढतेस. त्यावर माझं उत्तर तयार होतं. कानावर हात ठेवेल, त्यावरही होतं.

तो म्हणाला, “ताई, सातवी तरी माझी आहे ना?”

तो चेष्टा करत नव्हता. वाददेखील घालत नव्हता. खरंच विचारत होता. इतकी वर्षं फलाटांच्या आणि म्हाताऱ्या बायांच्या गोष्टी सांगून सांगून, कोणतं कोणाचं हे त्याचं त्यालाच उरलं नव्हतं, आणि ते विचारायला जगात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. याचं उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं.

“सातवी तुझी कशी?”

“त्यात मी चुकलो होतो. खाली दुकानात. थांबायला लागलो तर तू म्हणालीस, असंच राहू दे, हेच पाहिजे.”

ते खरं आहे. शेवटच्या वळणावर त्याचं बोट गिटारच्या मानेवर एक पडदा पुढे पडलं होतं. त्या सुराशिवाय सातवी म्हणजे इतर सहांसारखीच एक, आणि सगळ्यांना आठवते ती सातवीच.

मी त्याला सांगितलं, “सातवी हवी असेल तर घे. आत्ता इथे लिहून देते. पण मग तू सही करायची नाहीस, खालून दुसऱ्या कोणाला बोलावते. आणि सही केलीस तर सातही माझ्या, आणि तुला काही नाही.” वकीलबाईंनी तेच त्याला कायद्याच्या भाषेत पुन्हा सांगितलं. त्याने मान हलवली आणि तेव्हापासून खिडकीकडे बघत बसला आहे. मी त्याच्याकडे न बघता हे लिहीत आहे.

माझा त्याच्यावर राग आहे. तो जायचा नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. बाकी सगळं दिल्यावर माझं म्हणून तेवढंच राहील. पण तो काहीही ठरवो, एक गोष्ट त्याआधीच लिहून ठेवते. सातव्या रचनेत शेवटच्या वळणावरचा चुकलेला एक सूर धाकट्याचा आहे. तो माझा नसल्यामुळे मला तो कोणाला देता येत नाही, आणि त्याच्याकडून काढूनही घेता येत नाही.

इथे माझं मृत्युपत्र संपलं. आता मी सही करते. त्याच्यासाठी खाली जागा सोडली आहे.

स्थळ: दुकानाच्या वरची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी

मृत्युपत्र करणारी: (सही)

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली आणि त्यानंतर आम्ही एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही)
नाते: धाकटा भाऊ
व्यवसाय: ~~संगीतकार~~ वादक

साक्षीदार २: (सही)
नाते: शेजारी
व्यवसाय: औषधविक्री

वकिलाची नोंद: सही केल्यास या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही, हे साक्षीदार क्र. १ यांना सहीपूर्वी दोनदा समजावून सांगितले होते. त्यांच्या व्यवसायापुढे मी टंकलेला शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने खोडून नवा लिहिला आहे. खोडाखोड माझ्यासमोर झाली. ती करण्यास त्यांना कोणी सांगितले नव्हते.